आठवीसाठी टांगलेला हरभरा

मुलींच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडायचा असेल तर काय लागतं? शहाणी माणसं सांगतील, मुली लागतात, शिकवणारं माणूस लागतं, फळा लागतो, बसायला जागा लागते. आमच्याकडे हे सगळं होतं. फळा मधोमध चिरलेला होता, पण फळाच होता. तेवढ्यानं भागलं नाही. आम्हाला लागल्या टांगत्या टोपल्या, आणि त्यांत थंडीच्या दिवसांत शोभून दिसतील अशी झाडं.

हे मी चेष्टेनं लिहीत नाही. चेष्टा दुसऱ्यांनी केली, मी फक्त टोपल्या टांगल्या.

पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाचा अंमल गेला, जालना स्टेशनावरच्या पाट्या बदलल्या, आणि गाव पुन्हा सरकीच्या भावाकडे वळलं. मी नुकतीच शिक्षिका झाले होते. त्याआधी माझं शिक्षण दोन ठिकाणी झालं, एक शाळेत आणि दुसरं पत्रकं वाटण्यात. धावड्याला आमच्या घरी भाऊ चोरून छापलेली पत्रकं आणायचा आणि मी ती भाजीच्या दुरडीत तळाशी घालून पोचवायची. पुढं मीच लिहायला लागले. तेव्हापासून एक खोड लागली ती लागलीच. अन्याय दिसला की मी त्याचे पाच मुद्दे करते आणि खाली 'म्हणून आम्ही मागणी करतो की' असं लिहिते. मागणी मान्य होते असं नाही, पण अक्षर सुधारतं.

शाळा भरायची एका मारवाडी सेठांच्या जुन्या गोदामात. कधीकाळी तिथं कापसाचं वजन व्हायचं. ओसरीच्या तुळयांना तागड्या अडकवायचे लोखंडी आकडे तसेच राहिले होते. ओसरी थेट रस्त्यावर उघडायची. सेठ शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते, पण कमिटीचा खरा कारभार त्यांच्या घरच्या बाई बघायच्या. त्यांना आम्ही सगळ्या काकीजी म्हणायचो.

सातवीत एक मुलगी होती, कुंभार पिंपळगावच्या बाजूची, इथं मावशीकडे राहून शिकणारी. तिनं मावसभावाची कंपासपेटी पळवली होती आणि सापडेल त्या कागदावर वर्तुळं काढायची. भूमिती आठवीपासून शिकवतात असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, तेव्हापासून ती आठवीची वाट पाहत होती. तिच्या वडिलांनी मात्र साफ सांगितलं होतं की मुलांच्या शाळेत पाठवणार नाही. मुलींची आठवी इथं निघाली तर पोरगी राहील, नाही निघाली तर उन्हाळ्यात घरी येईल. घरी येईल म्हणजे काय, ते आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्थळ बघून ठेवलेलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या मुख्याध्यापिका औरंगाबादेहून बातमी घेऊन आल्या. त्या पुण्याकडच्या, विधवा, फार कमी बोलणाऱ्या. मुली त्यांना मोठ्या बाई म्हणत, म्हणून मीही म्हणायची. बातमी अशी की शाळा तपासणारे साहेब संक्रांतीनंतर मुआयन्याला येणार, आठवी द्यायची की नाही ते तेव्हा ठरणार, आणि साहेबांना टांगत्या टोपल्यांचा फार शौक आहे. कुठल्याशा शाळेत त्यांनी ओसरीतल्या टोपल्या बराच वेळ पाहिल्या, वर्ग जाता जाता पाहिले आणि जागेवर मंजुरी दिली, असं मोठ्या बाईंच्या कानावर आलं होतं.

मी संतापले. शाळेत प्यायला धड पाणी नाही, मुलींना संडास नाही, पत्रा गळतो, आणि आपण फुलं टांगायची? मी म्हणाले, मी पत्रक लिहिते, साहेबांच्या हातात देऊ.

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "पत्रक त्यांना वाचावं लागेल. फूल वाचावं लागत नाही."

आणि माझा एवढा विरोध आहे म्हणून हे काम त्यांनी मलाच दिलं. मी म्हणाले, काम करता करताही विरोध करता येतो. त्या म्हणाल्या, कर, पण पाणी घालायला विसरू नकोस.

आता झाडं निवडायची. मी ती निवड तत्त्वानं करायची ठरवलं.

मोठ्या बाईंच्या ट्रंकेत हैदराबादेहून मागवलेल्या इंग्रजी फुलांच्या पुड्या होत्या. पिटुनिया, फ्लॉक्स, आणखी एक नाव होतं ते आमच्यापैकी कुणालाच म्हणता येईना. मी स्पष्ट सांगितलं, निजामाला घालवलं ते काय पिटुनियाला बोलवायला? यावर वाद झाला असता, पण पुडीवर लिहिलेलं होतं की बी दसऱ्याच्या सुमारास वाफ्यात टाकावं. दिवाळी होऊन गेली होती. परदेशी फुलांचा पराभव तत्त्वानं झाला नाही, तिथीनं झाला. त्याचं पत्रक काढलं असतं तर मी 'तत्त्वानं' असंच लिहिलं असतं.

झेंडू दसरा-दिवाळी करून दमलेला होता, शिवाय तो टोपलीत ताठ उभा राहतो. टांगलेल्या झाडानं थोडं झुकायला हवं, खाली यायला हवं, एवढं मलाही कळत होतं. तुळस डोक्यावर टांगतात का, असं मोठ्या बाईंनीच विचारलं. शेवंती लावली असती तर साहेब येईपर्यंत ती मुलींच्या वेण्यांत गेली असती, आणि मला त्यात काही गैर वाटलं नसतं. आमच्यातल्या एका बाईंनी लसणाची पात सुचवली, थंडीत छान हिरवीगार लोंबते म्हणून. नेमक्या तेव्हाच काकीजी ओसरीतले लोखंडी आकडे बघायला आल्या होत्या.

"कंद न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "काढताना मातीतले किती जीव मरते. आमच्या छपराखाली कंद बिलकुल न्हाई चालणार."

मला वाद घालायचा होता. मग आठवलं की छप्पर त्यांचं आहे. मालकी हक्काचा प्रश्न मी पुढच्या पत्रकासाठी राखून ठेवला.

मला स्वतःला मनापासून पसंत होती ती करडई. कमी पाण्यात वाढते, थंडी-वाऱ्याला जुमानत नाही, आणि अंगावर काटे, म्हणजे कुणी हात लावत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, साहेबांच्या डोक्यावर काटे टांगायचे का? मी म्हणाले, तोच तर फायदा आहे. करडई नामंजूर झाली. जवसाचं निळं फूल सगळ्यांना आवडलं, पण ते सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की पाकळ्या गाळून मोकळं होतं. साहेबांची गाडी दुपारची. तरी मी जवस सोडला नाही. मधोमध जवस राहू द्या म्हणाले, न बघणाऱ्यांसाठीही काहीतरी फुललं पाहिजे. माझं हे वाक्य कुणालाच आवडलं नाही, पण जवस राहिला.

आणि कडेनं काय, तर हरभरा.

हे मला सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले. थंडीचंच पीक. पाणी लागतं नावाला, आमच्याकडे होतंही नावालाच. पान बारीक, कातरलेलं. फांदी आडवी वाढते आणि कडेवरून खाली उतरते. वर जांभळं फूल. शिवाय देशी, शेतकऱ्याचं, कष्टाचं. मी पाच मुद्दे काढून वाचून दाखवले. मोठ्या बाईंनी तिसऱ्या मुद्द्यालाच हो म्हटलं, उरलेले दोन ऐकायला लागू नयेत म्हणून.

बुरुडाकडून टोपल्या आणल्या, आतून गोदामातलं तरट लावलं. पहिल्या खेपेला नुसती काळी माती भरली, आणि पाणी घालताच ती इतकी फुगली की एका टोपलीचा तळ चौथीच्या वर्गाच्या कवितेवर आला. मग ओढ्याची वाळू आणि शेणखत मिसळलं. बी टाकलं. रोप उठलं. इथपर्यंत कुठल्याही गावात कुणीही एवढंच केलं असतं.

आमची खरी चूक वेगळीच होती, आणि ती आमच्याच भागातली माणसं करू जाणे. हरभऱ्याच्या शेताच्या कडेनं जाताना कुणीही हात घालून चार शेंडे खुडावेत, घाटे भरले की एखादा डहाळा उपटून खात चालावं, याला आमच्याकडे चोरी म्हणत नाहीत. धनी समोर उभा असला तरी म्हणत नाहीत. आणि हा हरभरा आम्ही भर रस्त्यावरच्या ओसरीत, माणसाच्या हाताच्या उंचीवर टांगला होता.

पहिल्यांदा मुलींनी सुरुवात केली. आत येताना एक शेंडा, बाहेर जाताना एक. मग कचेरीत जाणारे कारकून, मग टांगेवाले. कमिटीतले एक पाटील आठवडी बाजाराच्या दिवशी यायचे ते शाळेची चौकशी करता करता भाजीपुरता पाला खुडून उपरण्यात बांधून न्यायचे. मी ठळक अक्षरात पाटी लावली, हात लावू नये. लोक थांबून पाटी वाचायचे, बराबर आहे म्हणून मान हलवायचे आणि दुसऱ्या हातानं खुडायचे.

मी चिडून चिडून अर्धी झाले. पण शेंडा खुडला की हरभरा जास्त फुटतो, हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या मला काही नवीन नव्हतं. जालन्याच्या नागरिकांनी बेशिस्तीनं का होईना, काम चोख केलं. पौषात टोपल्या अशा भरल्या की तरट दिसेना, बांबू दिसेना, नुसते हिरवे गुबगुबीत गोळे खाली ओघळलेले. मोठ्या बाईंना वाटलं पाटीचा गुण आला.

एकदा सकाळी जरा लवकर आले तर काकीजी ओसरीत. हातात पांढरं मलमलचं फडकं, आणि ते त्या अलगद टोपल्यांवर टिपत होत्या. हरभऱ्याच्या पानावर रात्री जी आंबट ओल येते तिला आंब म्हणतात, ती फडक्यात टिपून पिळून ठेवतात आणि पोटाच्या दुखण्यावर देतात. सेठजींचं पोट कुणालाच नवीन नव्हतं.

"ह्याच्यात जीव न्हाई मरत," मला बघून त्या म्हणाल्या. "दव हाय नुसतं."

त्यानंतर कमिटीत टोपल्यांच्या विरोधात एक शब्द निघाला नाही. शिक्षणाचं महत्त्व पटवायला मी तीन पत्रकं लिहिली होती, सेठजींच्या पोटानं ते काम परस्पर केलं.

घाटे भरू लागले तेव्हा मात्र मी दोऱ्या आखडून टोपल्या उंच घेतल्या. मुआयन्याच्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी त्या पुन्हा खाली सोडायला लावल्या, साहेबांना मान वर करायला लागू नये म्हणून.

त्या दिवशी सातवीतल्या त्या कंपासवाल्या मुलीचे वडील मोंढ्यात माल घालायला आले होते. माल घालून तसेच शाळेत आले. आज काय ते कळू द्या, म्हणाले, आणि ओसरीत खांबाला टेकून उभे राहिले. मुलगी वर्गात होती, पण तिचं लक्ष दारातून बाहेर.

साहेब स्टेशनावरून टांग्यानं येतील म्हणून आम्ही शिपायाला चौकात उभं केलं होतं. साहेब चालत आले, आणि दुसऱ्या रस्त्यानं आले. मोठ्या बाई आत हाराला गाठ मारत होत्या. मी पानसुपारीचं तबक घेऊन दारात आले तर ओसरीत दोन माणसं शेजारी शेजारी उभी. एक धोतर-पटक्यातले, एक कोट-टोपीतले. कोट-टोपीतले टोपलीकडे बघत होते. धोतरातल्यांनी वर हात घातला, घाट्यांनी लगडलेली एक फांदी मोडली, आणि शेजारी माणूस उभं असताना एकट्यानं खायचं नसतं म्हणून तिचे दोन भाग करून एक त्यांच्यापुढं धरला.

"घ्या. कवळाय."

साहेबांनी घेतला. घाटा सोलला, दाणा तोंडात टाकला. मी तबक घेऊन तिथंच थिजले.

हे तुमचं का, असं साहेबांनी विचारलं. वडील म्हणाले, नाही, शाळेचं. "येड्यावानी वर टांगून ठिवलंय. आमच्याकडं अजून तरी हरभरा भुईवरच येऊन राह्यला."

मग साहेबांनी विचारलं, इकडं कसे. वडिलांनी सगळं सांगितलं. पोरगी सातवीत आहे, आठवी निघते का बघायचं, नाही तर घेऊन जायचं. कुणाच्या हातात आहे ते, असं साहेबांनी विचारलं.

"कोन तरी साहेब येणार हाय म्हणं," वडील म्हणाले. "फुलं बघून मंजुरी देतो म्हणं. तसल्या माणसाचा काय भरवसा."

साहेबांनी आणखी एक घाटा सोलला.

"तुमी शिकलेले दिसता," वडील पुढं म्हणाले. "आठवीत असं काय असतंय जे सातवीत न्हाई?"

साहेबांनी मुलांच्या आठवीतले विषय सांगितले. भूमितीपाशी वडिलांनी अडवलं, हे काय असतंय म्हणून. साहेबांनी छडीच्या टोकानं ओसरीच्या धुळीत त्रिकोण काढला. शिकवण्याची त्यांना जुनी हौस असावी. शेताचा तुकडा कसाही असो, अगदी असा तिकोनी असला तरी तीन बाजू मोजल्या की कागदावर त्याचं क्षेत्रफळ निघतं, असं त्यांनी समजावलं.

"तिकोनी बी?" वडिलांनी विचारलं. "आन बराबर निघतं?"

"बिलकुल बराबर."

वडील खाली वाकून धुळीतल्या त्रिकोणाकडे बघत राहिले. त्यांच्या आणि त्यांच्या भावाच्या शेताच्या मध्ये, ओढ्याकाठी, असाच एक तिकोनी तुकडा होता, कसायचा भाऊ, पण निम्मा वाटा यांचा. दर मोजणीला त्याचा आकडा वेगळा यायचा आणि दर आकड्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद व्हायचं. हे मला मुलीनं नंतर सांगितलं.

तेवढ्यात मोठ्या बाई हार घेऊन धावत आल्या आणि 'साहेब, या' म्हणाल्या. वडिलांच्या तोंडातला घास तिथंच राहिला. साहेबांनी रुमालाला बोटं पुसली आणि साहेबाचा चेहरा केला.

मुआयना जसा होतो तसा झाला. मुलींनी कविता म्हटली, पाढे म्हटले, एकीनं शिवलेलं झबलं दाखवलं. मी माझे पाच मुद्दे तोंडपाठ करून ठेवले होते. पाण्याचा मुद्दा मांडला, संडासाच्या मुद्द्याला मोठ्या बाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. साहेब पुन्हा ओसरीत आले, टोपल्यांखाली उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आठवीला माझी हरकत नाही. तुमच्या मुलींना झाडांची चांगली समज आहे. तेव्हा भूमिती काढून टाका, त्या जागी बागकाम ठेवा. मुलींना तेच कामाला येईल."

मोठ्या बाई हो म्हणून मोकळ्या झाल्या. आठवी मिळाली होती, आणि आणखी काही ऐकायच्या आत त्यांना ती पदरात बांधायची होती. मुलगी वर्गाच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि एक पाऊल मागं सरकली. मी तत्त्वानं निवडलेल्या हरभऱ्यानं तिची भूमिती खाल्ली होती. माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलं, पण आधी दुसरंच कुणीतरी बोललं.

"मंग मी पोरगी घेऊन जातो," वडील म्हणाले.

साहेबांनी वळून बघितलं. आठवी तर दिली की, म्हणाले.

"हरभरा लावाया तिला येतोच, साहेब. त्येच्यासाठी मावशीच्या दारात कशाला ठिवू? ती भूमिती असंल तर ठेवतो. न्हाई तर आजच नेतो."

"तिला भूमिती कशाला?"

"तिला न्हाई. मला पायजे."

मग त्यांनी तो तुकडा सांगितला, ओढा सांगितला, भाऊ सांगितला. तलाठी मोजतो ते भावाला पटत नाही, भाऊ मोजतो ते यांना पटत नाही, घरचं माणूस शिकलेलं असलं म्हणजे झालं. मुलगा का नाही शिकवला, असं साहेबांनी विचारलं. मुलगा पाचवीतून पळून आला होता.

मी उभी होते आणि आतून उकळत होते. मुलींचं शिक्षण हा मुलींचा हक्क आहे, बापाच्या बांधाची सोय नाही, हे सांगायला मी जन्मले होते. मोठ्या बाईंचा पाय माझ्या पायावर होताच. त्यांनी तो दाबला नाही, नुसता ठेवला. मी मुलीकडे बघितलं. ती बापाकडे असं बघत होती की जणू त्यानंच जगातली पहिली भूमिती लिहिली. मी तोंड मिटून उभी राहिले, आणि सांगते, सभेत लाठ्या खाणं सोपं असतं.

साहेबांनी थोडा वेळ धुळीकडे बघितलं. त्रिकोण अजून तिथंच होता, फक्त शिपायाचा पाय पडून एक बाजू पुसली होती.

"दोन्ही ठेवा," ते म्हणाले. "भूमिती आणि बागकाम."

जाताना मोठ्या बाईंनी हारासोबत हरभऱ्याच्या चार-पाच फांद्या कागदात गुंडाळून दिल्या. गाडी बदनापूरला पोचायच्या आत त्या संपल्या असणार.

जूनमध्ये आठवी सुरू झाली. भूमिती मी शिकवली. प्रमेयं मला पत्रकांसारखीच वाटली, फक्त यांत शेवटी जे सिद्ध होतं ते सगळ्यांना मान्य करावं लागतं. मुलगी वर्गात पहिली आली. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी कुठूनतरी मोजणीची साखळी आणली, भावाला, भावकीला, गावच्या पाटलाला बोलावलं आणि पोरीला शेतात उभं केलं. तिनं तिन्ही बाजू मोजल्या, तिथंच बांधावर बसून आकडेमोड केली आणि मोठ्यानं उत्तर सांगितलं. तुकड्यातला वडिलांचा वाटा ते सांगत होते त्याहून कमी निघाला. भाऊ सांगत होता जवळजवळ तेवढाच निघाला. चुलत्यानं म्हणे पुतणीला तिथल्या तिथं पेढा दिला, आणि खिशात पेढा आधीपासून कसा होता याची चौकशी वडील अजून करत आहेत.

मला वाटलं, संपलं आता. आता ते तिचं शिक्षण थांबवणार. शाळा उघडायच्या दिवशी ते आले, मुलगी मागं उभी, दप्तर तिच्या खांद्याला. ते मोठ्या बाईंकडे न जाता सरळ माझ्याकडे आले.

"बाई, आठवीत कायतरी कच्चं राह्यलंय," ते म्हणाले. "नववी काढा. मंग पुन्ना मोजू."

मुलीनं मान खाली घातली होती. तिला हसू आवरत नव्हतं. तिची मोजणी बरोबर होती हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, मी ती स्वतः तपासली होती. मी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, वर 'म्हणून आम्ही मागणी करतो की' असं लिहिलं आणि शाईची डबी पुढं केली. जालन्यात मुलींच्या नववीच्या मागणीवर पहिला अंगठा त्यांचा आहे.